लोकरीचा हत्ती : देणे आणि मजुरी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, आणि त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. जन्मभर विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि हमाल यांच्यात वावरलेल्या माणसाने उठावे आणि क्रोशाच्या सुईने विणलेल्या हत्तीघोड्यांवर बोलावे, हे तसे चमत्कारिकच. शिवाय आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतले कपाट आणि सोलापूरची वाचनालये यांच्या जोरावर. तेव्हा विद्वत्तेचा आव आम्ही आणणार नाही. परंतु हा जो लोकरीचा हत्ती आम्ही टेबलावर आणून ठेवला आहे, त्याने आमची वीस-पंचवीस वर्षांची एक समजूत मोडून काढली. ती कशी मोडली हे सांगायचे तर या हत्तीचे कूळ आणि मूळ सांगावे लागते, आणि तोच आजचा विषय आहे.

हा विषय अणदुरात मांडण्यास आणखी एक कारण आहे. येथल्या खंडोबाची रीत आपणांस ठाऊकच आहे. मूर्ती एक आणि देवळे दोन. वर्षातले बहुतेक महिने देव अणदुरात असतो आणि थोडे दिवस नळदुर्गजवळ मैलारपुरास जातो. तो जातो तेव्हा दोन्ही गावच्या मंडळींत लेखी करार होतो, कधी न्यायचा आणि कधी परत आणायचा ते ठरते, आणि मगच देव हलतो. भक्तीत कागद कशाला, असे कोणी विचारीत नाही. कागद आहे म्हणूनच दोन्ही गावांची भक्ती सुखाने नांदते. ही गोष्ट मनात ठेवावी, कारण व्याख्यानाच्या शेवटी आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. क्रोशे हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ लहान आकडा. दोन सुयांवर स्वेटर विणतात ते काम निराळे आणि एका आकड्याच्या सुईने फास ओढून विणतात ते निराळे. आपल्या बायका त्याला क्रोशा म्हणतात, आणि साखळी, मुका खांब, खांब असे टाक्यांना अगदी घरगुती शब्द त्यांनी केव्हाच बसवले आहेत. हत्ती करायचा तर दोऱ्याची मुदी घालून तीत सहा मुके खांब विणतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन घातले की बारा होतात, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. वाढ थांबवली की चकतीची वाटी होऊ लागते. पुढे टाके घटवले की वाटीचे तोंड मिटू लागते, आणि ते पुरते मिटण्याआधी आत कापूस भरायचा. डोके निराळे, धड निराळे, चार पाय, दोन कान, सोंड आणि शेपूट अशी सारी अंगे निराळी विणून मग शिवून जोडायची. एका फेरीत एक टाका चुकला तर डोके एका अंगाला कलते. हा वीतभरही उंच नसलेला हत्ती आम्ही चष्मा लावून मोजला आहे. त्यात दोन हजारांच्या आसपास टाके भरले.

आता एक गोष्ट आपण लक्षपूर्वक ऐकावी. मोजे विणण्याचा माग इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्याने १५८९ साली काढला. तेव्हापासून दोन सुयांचे विणकाम यंत्रात शिरले, आणि आज आपल्या अंगावरचे बनियन हे त्या यंत्राच्याच वंशातले. पण क्रोशाचा टाका कारखान्यात बसवण्याजोगे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. क्रोशासारखे दिसणारे कापड यंत्रावर निघते, परंतु ते निराळ्या विणीचे असते. याचा अर्थ असा की, शहरातल्या दुकानात अथवा जत्रेतल्या पथारीवर कितीही स्वस्त मिळणारी क्रोशाची वस्तू आपण उचलली, तरी ती कोणा ना कोणा माणसाने, आणि बहुधा बाईने, टाका टाका मोजून हातानेच केलेली असते. स्वस्ताई यंत्राने आणलेली नसते. मग ती कोणी सोसली, हा प्रश्न उरतो.

लहान जनावर हाताने करून ते लेकराला द्यावे, ही चाल आपल्याकडे क्रोशाच्या आधीपासूनची आहे. पाळण्यावर चिमणाळे टांगण्याची पद्धत आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. चिंध्यांचे राघू, मैना आणि चिमण्या शिवून, आत सरकी काढलेला कापूस भरून, त्या दोऱ्याने ओवून बाळाच्या डोळ्यांसमोर सोडीत. बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची, दुपटे यांच्या जोडीला असे एखादे पाखरू येत असे. लग्नाच्या रुखवतात कापडाचे पोपट, मण्यांचे मोर आणि पुढे लोकरीची बदके मांडली गेली. नवरीच्या बाजूच्या बायकांनी रात्री जागून केलेले काम सगळ्या मांडवाने वाकून पाहायचे, हाच रुखवताचा मान. बैलही यातून सुटलेला नाही. पोळ्याला त्याच्या गळ्यात लोकरीचे गोंडे पडतात, आणि ते गोंडे शोभेचे जितके तितकेच दृष्ट काढण्याचे असतात.

दृष्टीचा विषय निघाला आहे तर त्याबद्दलही बोलू. बाळाच्या गालावर काजळाची तीट, मनगटात काळे मणी, घराच्या उंबऱ्यावर आणि मालमोटारीच्या पुढल्या बाजूला काळी बाहुली, हे सारे एकाच कुळातले. या गावावरून सोलापूर-हैदराबाद रस्ता जातो. त्यावरच्या दहा मालमोटारी थांबवून पाहिल्या तर कित्येकींना लिंबू-मिरची किंवा काळी बाहुली बांधलेली सापडेल. दोऱ्यात अथवा बाहुलीत काही शक्ती असते असे आम्ही मानीत नाही, आणि आजाऱ्याला डॉक्टरकडे न नेता दोरा बांधणाऱ्यांशी आमचे नेहमीच भांडण झाले आहे. परंतु ज्या बाईने ती बाहुली केली, तिने तेवढा वेळ त्या माणसाच्या सुखरूपपणाचा विचार केला, एवढे मात्र खरे. हातच्या ताईताची राखण असलीच तर ती या वेळेची आहे. वेळ देता येतो, त्याची खूण मागे ठेवता येते, आणि लेकराला ती खूण हातात धरून झोपता येते. म्हणूनच विकत आणलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यापेक्षा हातच्या चिमणीला घरात निराळी जागा मिळते.

ही केवळ आपलीच रीत नव्हे. जपानात हिदा-ताकायामा म्हणून डोंगरी मुलूख आहे. तेथे आज्या नातवंडांसाठी तांबड्या कापडाचे, आत कापूस भरलेले, नाकडोळे नसलेले एक बाहुले करीत. त्याला सारुबोबो म्हणतात, म्हणजे माकडाचे पिल्लू. मुलीचे लग्न चांगले व्हावे, बाळंतपण सुखरूप पार पडावे, यासाठी ते देत. आज जगभर ज्याला अमिगुरुमी म्हणतात ते क्रोशाचे भरीव जनावरही जपानचेच नाव घेऊन फिरते. अमी म्हणजे विणलेले आणि नुइगुरुमी म्हणजे आत काही भरून शिवलेली बाहुली, या दोन शब्दांची ती जोड आहे. चालू शतकाच्या आरंभापासून ही चाल जगात पसरली आणि मोबाइलच्या पडद्यावरून आपल्या खेड्यापाड्यांतही आली. आमचा हत्ती याच वाटेने आला आहे. तो लोकरीचा म्हणायचा खरा, पण बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतांशी मेंढीच्या लोकरीचे नसून कृत्रिम धाग्याचे असतात. आपल्या धनगरांच्या घोंगडीची लोकर अंगाला टोचते, पण ती निदान खरी लोकर असते.

आता ही सुई आपल्याकडे कशी आली ते पाहू. युरोपात क्रोशाचे छापील नमुने प्रथम १८२३ साली एका डच मासिकात निघाले, म्हणजे हे काम फार प्राचीन नाही. आरंभी ते सुखवस्तू घरांतल्या बायकांचे मन रमवण्याचे साधन होते. पण १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला, आणि तेव्हा कॉर्कच्या बाजूच्या जोगिणींच्या मठांतून, तसेच १८४७ पासून क्लोन्स गावी कॅसांड्रा हँड नावाच्या पाद्र्याच्या पत्नीकडून, उपाशी घरांतल्या मुलींना क्रोशाची झालर शिकवण्यात आली. सुई आणि दोरा एवढ्या भांडवलावर कुटुंबे जगली, हे त्या सुईचे मोठे पुण्य मानले पाहिजे. पण त्याच वेळी कामाची वाटणीही झाली. एका घराने फक्त गुलाब विणायचा, दुसऱ्याने फक्त पान, तिसरीने ती जोडायची. पूर्ण झालर कोणाच्या अंगावर चढली ते विणणारीला कधी दिसायचे नाही.

त्याच साम्राज्यात राणी व्हिक्टोरियाही क्रोशा विणीत असे. बोअर युद्धाच्या वेळी, १९०० साली, तिने स्वहस्ते विणलेले आठ गळपट्टे शूर शिपायांना द्यावेत म्हणून पाठवले, आणि ते ज्यांना मिळाले त्यांनी ते पदकासारखे जपले. राणीच्या हाताचा तास सन्मानाचा ठरला आणि आयरिश मुलीच्या हाताचा तास झालरीच्या भावात बुडाला. टाका मात्र दोघींचा एकच होता.

आपल्याकडे हे काम मिशनच्या आणि मुलींच्या शाळांतून, शिवणाच्या तासाला आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार मुलींना आणि बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणले आणि विणणे, शिवणे, छपाई अशी हाताची कामे शिकवली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे काम सुरू केले, तेथेही विधवांना आणि गरजू बायकांना स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी शिवणकाम आणि हस्तकाम होते. या थोर स्त्रियांची दृष्टी स्पष्ट होती. सुई ही विधवेच्या हातातली भाकरी होती. पण पुढे मध्यमवर्गीय घरांत ती भाकरी राहिली नाही, ती गृहकृत्यदक्षतेची खूण झाली. मुलीला काय काय येते या प्रश्नाच्या उत्तरात क्रोशाचे रुमाल आणि तोरणे येऊन बसली. विणणे म्हणजे कमाई, हा अर्थ पुसला गेला आणि विणणे म्हणजे फावला वेळ, हा अर्थ पक्का झाला. या दुसऱ्या अर्थाचा फायदा कोणी घेतला, हे पाहण्यासाठी आपणांस थोडा प्रवास करावा लागेल.

प्रवास अवघड नाही. हाच अणदूरचा रस्ता धरावा. तो पुण्याहून निघतो, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत मच्छलीपट्टणला समुद्राशी जाऊन थांबतो. याच बाजूने पद्मशाली विणकर तेलंगणातून सोलापुरास आले आणि त्यांनी सोलापूरची चादर नावारूपाला आणली. मच्छलीपट्टणच्या पलीकडे, गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात, नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांच्या बायकांनी तेथील गरीब बायकांना क्रोशाची झालर शिकवली. पुढे व्यापारी आले, निर्यात सुरू झाली, आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावोगावच्या बायका परदेशच्या टेबलांसाठी रुमाल विणू लागल्या.

मारिया मीस या जर्मन विदुषीने १९७८-७९ च्या सुमारास तेथे राहून पाहणी केली आणि १९८२ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तिने लिहिलेले वाचताना आम्हांला आमचीच वस्ती दिसू लागली. लाखाच्या घरात बायका हे काम करीत होत्या. आयर्लंडासारखेच येथेही एक फूल विणी, दुसरी जोडी. घरचे सारे काम उरकून दिवसाचे सहा-आठ तास सुई चाले, आणि मिळकत शेतमजुरीच्या किमान दराच्याही कितीतरी खाली राही. दलाल, व्यापारी, निर्यातदार हे बहुतेक सारे पुरुष. आणि त्या सर्वांचे एकच म्हणणे, की या कामगार नव्हेत, या घरात बसणाऱ्या गृहिणी आहेत, रिकामा वेळ सत्कारणी लावतात. इतका मोठा धंदा उभा होता, परंतु त्याच्या कामगारांची शिरगणतीत नोंद नव्हती. ज्या कारखान्याला भिंती नाहीत त्याच्या फाटकावर सभा कोठे घ्यायची? नरसापूरच्या या क्रोशाकामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालाच्या गावाचे नाव कागदावर चढले, ही आनंदाची गोष्ट आहे. विणणारीचा दर त्या कागदावर नसतो.

आता आमच्या समजुतीची कथा. सुमारे आठ वर्षांपूर्वी याच हमरस्त्यावरच्या एका गावातल्या बारा-तेरा बायका आमच्याकडे आल्या. एका शहरी व्यापाऱ्याचा माणूस त्यांना लोकर, सुया आणि भरायचा कापूस आणून देई, नमुना दाखवी, आणि पंधरा दिवसांनी हत्ती, ससे, अस्वले मोजून घेऊन जाई. हत्तीला पंचवीस रुपये. डोळा वाकडा बसला, कान लहानमोठा झाला, की तो नग नापास. मजुरी नाही, उलट लोकरीचे पैसे कापायचे. नापास नग परत मात्र कधी मिळत नसे. आपले काय चुकते ते बघावे, एवढेच त्या बायकांचे मागणे होते.

आणि आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, बायांनो, हा तर फावल्या वेळचा छंद आहे, यात युनियनने काय करायचे? त्यांच्यातली एक बाई, वयाने आमच्याहून धाकटी, पदर सावरून म्हणाली, "भाऊ, फावला वेळ कुठं असतोय तेवढा आम्हाला दावा. आमच्या घरात तर कुठं सापडंना."

त्या वाक्याने आम्ही खाली बसलो. आमची स्वतःची आई सोलापूरच्या चाळीत सुपात पानतंबाखू घेऊन विड्या वळीत असे, आणि तिच्या विड्यांच्या कट्ट्यांवर आमची पाटीपुस्तके आली. तिला कोणी छंद आहे म्हटले असते तर आम्ही भांडलो असतो. मग लोकरीचा रंग सुंदर, वस्तू गोजिरवाणी, म्हणून ते काम नव्हे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणालो? नरसापूरच्या निर्यातदाराचे वाक्य तीच चूक करून आमच्या तोंडून निघाले होते, आणि ते पुस्तक तेव्हा आमच्या कपाटात होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही घड्याळ घेऊन त्या बायकांत बसलो. चुलीवरची भाजी हलवण्याचा आणि लेकराला धरण्याचा वेळ वजा केला. सराईत हाताला एका हत्तीस पाच तास लागले. म्हणजे तासाला पाच रुपये. रस्त्यावरच्या हॉटेलात चहाचा एक कप दहा रुपयांना होता, तेव्हा दोन तास विणावे आणि एक कप चहा प्यावा, असा तो हिशेब. पुढे त्याच हत्तीच्या भावंडाला शहरातल्या एका दुकानात साडेचारशे रुपयांची चिठ्ठी लावलेली आम्ही पाहिली. त्याच चिठ्ठीवर प्रेमाने हाताने केलेली वस्तू असेही छापले होते. प्रेमाचे पैसे दुकानात जमा होत होते आणि ज्या हाताचे ते म्हणायचे त्याच्या वाट्याला पंचवीस रुपये होते.

व्यापाऱ्याच्या माणसाला गाठले. तो म्हणाला, "साहेब, ह्या काय माझ्या कामगार नाहीत. घरच्या बायका आहेत, टीव्ही बघत विणतात." आम्ही वाद वाढवला तेव्हा त्याने दोन महिने काम बंद केले. चार बायकांना ते सोसले नाही, त्यांनी सुई ठेवून शेतमजुरी धरली, आणि त्याचा बोल आम्हांला लागला, तो योग्यच होता. शेवटी दर साठ रुपये झाला, नापास नग दाखवून परत द्यायचा असे ठरले, आणि लोकर किती दिली, नग किती आले, पैसे कधी मिळाले, याची वही प्रत्येकीच्या घरी सुरू झाली. तासाला बारा रुपये म्हणजे काही विजय नव्हे. परंतु वही झाली.

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या नातीचे बारसे झाले. तीच बाई आली आणि हा हत्ती तिने पाळण्याला बांधला. आमच्या धंद्याची खोड म्हणा, आम्ही विचारले, याचे किती झाले? ती रागावली. म्हणाली, "भाऊ, ह्याचं पैसं इचारू नका. हे देणं हाय. दुकानाच्या हत्तीचा हिशेब मात्र पुरा करून द्या." आज इतक्या वेळात आम्ही जे सांगितले ते सारे तिने त्या तीन वाक्यांत सांगितले होते. देणे आणि मजुरी यांच्यात तिला घोटाळा नव्हता. घोटाळा आमच्या मनात होता, व्यापाऱ्याच्या फायद्यात होता, आणि दुकानाच्या चिठ्ठीवर छापलेला होता.

घरात बसून काम करणारी कामगार ठरू शकते काय? इतिहास सांगतो की ठरू शकते, पण भांडल्यावाचून नाही. १९६६ सालच्या विडी कामगारांच्या कायद्यात घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले गेले. मालक मंडळी न्यायालयात गेली, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. गणतीत आल्यावर काय घडते ते सोलापूरजवळ कुंभारीला जाऊन पाहावे. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत तेथे उभी राहिली, आणि २००६ साली तिचे लोकार्पण झाले. अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली सेवा ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा मालकच नाही तर युनियन कसली, असे सरकारी खात्याने विचारले. युनियन मालकाविरुद्ध नसली तरी कामगारांच्या एकीसाठी असते, हे त्यांना पटवून द्यावे लागले, आणि ते पटलेही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांचा, म्हणजे घरी बसून दुसऱ्यासाठी माल करणाऱ्यांचा, करार क्रमांक १७७ मंजूर केला. आपल्या देशाने त्यावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही.

आणि आता खंडोबाकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि दीनबंधूचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली. रविवारच का, या प्रश्नाला त्यांनी जी उत्तरे दिली त्यांत एक उत्तर असे होते, की रविवार हा खंडोबाचा वार आहे, आणि आमच्या कामगाराला त्या दिवशी आपल्या देवासाठी मोकळीक पाहिजे. १८९० साली ती सुटी पदरात पडली. ज्या रविवारी आज सारा देश विसावा घेतो, त्या रविवारामागे आपल्या गावच्या या दैवताचे नाव होते, हे अणदूरकरांनी अभिमानाने सांगावे. पण क्रोशा विणणारीला तो रविवार अजून मिळालेला नाही. ज्या कामाला तासच नाहीत त्याला सुटी कोठून येणार? प्रथम तास मोजले गेले पाहिजेत.

म्हणून या सभेकडे आमची फार मोठी मागणी नाही. येथल्या बचत गटांतल्या भगिनींनी अशा मालाची मागणी कधी घेतली तर ती तोंडी घेऊ नये. लोकर कोणाची, नगाला दर किती, नापास नगाचे काय, पैसे कोणत्या तारखेला, या चार गोष्टी कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. दर ठरवण्याआधी एक नग घड्याळ समोर ठेवून विणावा आणि त्या दिवशीची शेतमजुरी त्या तासांशी ताडून पाहावी. बंधूंनी आपल्या घरातल्या विणणाऱ्या हाताला रिकामा हात म्हणू नये. आणि दुकानात जाऊन अशी वस्तू घेणारांनी किमतीत घासाघीस करण्यापूर्वी एवढेच विचारावे, की विणणारीला यातले किती पोचले? दुकानदाराला उत्तर देता आले नाही तरी प्रश्न त्याच्या कानी पडलेला बरा.

कोणी म्हणेल, अशाने प्रेमाच्या वस्तूत व्यवहार शिरेल. आम्हांला तसे वाटत नाही. देव हलवताना आपण कागद करतो म्हणून कोणाची तळी कमी भरली गेली आहे काय? ज्या बाईच्या दुकानी हत्तीचा हिशेब चोख होईल, तिलाच शेजारणीच्या लेकरासाठी एक हत्ती फुकट विणण्याची उसंत मिळेल. दिवसभराचे सगळे तास पाच रुपयांनी विकावे लागले तर देण्यासाठी तिच्यापाशी उरणार काय?

आमची नात आता सहा वर्षांची आहे. हा हत्ती तिने आम्हांला आजच्या व्याख्यानापुरता उसना दिला आहे, आणि रात्री झोपण्यापूर्वी परत करावा अशी अट घातली आहे. अट तोंडीच आहे, पण ती मोडण्याची आमची छाती नाही. तेव्हा आम्ही हत्तीसह आपली रजा घेतो.